वाघोली: नववी-दहावीच्या जागा किती लागणार (प्रकल्प नोंदी)

१६ जून २०२५, सोमवार

आज शाळा उघडल्या आणि आजच जनगणनेची अधिसूचनाही निघाली. संदर्भ तारीख १ मार्च २०२७. म्हणजे वाघोलीत नक्की किती मुलं राहतात हे सरकारी कागदावर यायला दोन वर्षं तरी जाणार, आणि तोवर सगळ्यांच्या हातात २०११ चाच आकडा. २०११ ची वाघोली म्हणजे ग्रामपंचायतीची वाघोली, खाणी आणि शेतं होती तेव्हाची. ३० जून २०२१ ला पुणे पालिकेत तेवीस गावं आली त्यात आपण आलो, टॉवर त्याच्या आधीपासूनच उभे राहत होते.

ठरवलंय की एक शीट करायची, फक्त एका प्रश्नासाठी. यंदा जी मुलं तिसरीत बसली ती जून २०३१ ला नववीत जातील, तेव्हा त्यांच्यासाठी चालत जाता येईल आणि घरच्यांना झेपेल अशी जागा असेल का. पहिलीच्या जागांबद्दल सगळे बोलतात, नर्सरीच्या रांगांच्या बातम्या येतात, पण नववीबद्दल कुणी हिशोबच करत नाही. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयासाठी आहे, पहिली ते आठवी. नववीची हमी त्यात कुठेच नाही, आणि आमच्या भागात मुलं गळतात ती नेमकी तिथेच.

सोबत शाळा व्यवस्थापन समितीतल्या एक ताई आहेत, त्यांची मुलगी सातवीत आहे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, तुम्ही आकडे करा, माणसं मी शोधते.

२८ जून, शनिवार

सकाळची शाळा होती, सुटल्यावर मुख्याध्यापिका बाईंकडे गेलो. शाळा आठवीपर्यंत. (शाळेचं नाव इथे लिहीत नाहीये, बाईंना विनाकारण त्रास नको.) बाईंनी जनरल रजिस्टर काढून समोर ठेवलं, ते जाड बांधणीचं, कडा झिजलेलं, प्रत्येक मुलाला एक ओळ आणि शेवटच्या रकान्यात दाखला कधी दिला आणि कुठल्या कारणाने ते.

गेल्या वर्षी आठवी पास झालेली मुलं ६१. आम्ही बोट ठेवत ठेवत एकेक ओळ खाली आलो. ५२ जणांचा दाखला नेलेला आहे. ९ जणांचा रकाना कोरा.

बाई म्हणाल्या काही जण उशिरा नेतात, गावाला गेलेले असतात, जूनअखेरपर्यंत वाट बघायची. पण बघता बघता त्यांनी पेन्सिलने नऊ नावांपुढे बारीक टिंब केलं आणि चार जणांबद्दल तर त्यांना आधीच माहीत होतं. एवढी माहिती बाईंच्या डोक्यात आहे आणि ती कुठल्याच पोर्टलवर जात नाही, हे मला फार लागलं. यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर, मूल एका शाळेतून सुटलं की दुसऱ्या शाळेने ओढून घेईपर्यंत ते ड्रॉपबॉक्समध्ये पडून राहतं. टिंब म्हणजे एक मूल आहे, पण तिथे ते नुसतं पेंडिंग.

६ जुलै, रविवार, आषाढी

ताईंबरोबर नऊपैकी सात घरी बोलणं झालं, सहा ठिकाणी फोनवर, दोन नंबर बंद. मुद्दाम आजचा दिवस घेतला, कामाला सुट्टी असते.

चार कुटुंबं परत गावी गेलीत, मुलं तिकडे नववीला बसली म्हणाले, दाखला मागवणार आहेत. एक मुलगा मामाच्या गॅरेजला जातो. एक जण भावाबरोबर फरशी बसवायच्या कामावर.

सातवी मुलगी लेबर कॅम्पवर राहते, आई-वडील दोघं साइटवर. तिथे आम्ही फोन नाही केला, गेलोच. पत्र्याची खोली, दारात निळा ड्रम, त्यावर तिची आठवीची वह्या-पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेली, पावसाने भिजू नयेत म्हणून. धाकट्या भावाला मांडीवर घेऊन ती बोलत होती. नववीची अनुदानित शाळा चार किलोमीटरवर, हायवेच्या पलीकडे. वडील म्हणाले, रस्ता कोण पार करून देणार, आणि सुटायला संध्याकाळ होते. कुणीतरी त्यांना सांगितलंय की १७ नंबरचा फॉर्म भरा, घरी बसून दहावी होते. मुलीने विचारलं, "त्याच्यात गणिताला बाई असतात का?"

१७ नंबर फॉर्मची सोय चांगली आहे, कामाला लागलेल्या किती जणांची दहावी त्याच्यामुळे झाली. पण चौदा वर्षांच्या मुलीला शाळा लांब आहे म्हणून तो फॉर्म द्यायचा हे मला पटत नाही. शाळा आणणं हे आपलं काम आहे, ती जबाबदारी तिच्यावर टाकायची नाही.

१३ जुलै, रविवार

आज एका वेगळ्याच गटाचे पालक भेटले, ज्यांचा मी विचारच केला नव्हता. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतून खाजगी शाळेत पहिलीला लॉटरीत नंबर लागलेली मुलं. आठवीपर्यंत फी नाही, नववीला पूर्ण फी सुरू. एक वडील रिक्षा चालवतात, मुलगा इंग्रजी माध्यमात सात वर्षं शिकला आणि आता आठवीत आहे, पुढच्या जूनमध्ये काय करायचं म्हणून आत्तापासून झोप नाही त्यांना. मराठी माध्यमात आणायचं तर नववीला माध्यम बदलणं त्या पोराला किती जड जाईल. सेमी इंग्रजी असेल तर निभेल, पण सेमीची तुकडी भरलेली असते.

म्हणजे शीटमध्ये आणखी एक रकाना आला. ही मुलं आज खाजगी शाळेच्या पटावर दिसतात म्हणून त्यांची सोय झाली असं धरलं तर साफ चूक होईल.

२०२४ च्या फेब्रुवारीत राज्याने नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळांना या २५ टक्क्यांतून सूट दिली होती, हायकोर्टाने त्याच वर्षी जुलैमध्ये ते रद्द केलं. म्हणून दरवर्षीची बॅच चालू राहिली, आणि म्हणूनच दरवर्षी नववीच्या तोंडावर अशी एक बॅच उभी राहणार आहे.

२० जुलै, रविवार

आकडेमोड. ज्यांना करून बघायचीय त्यांच्यासाठी नीट लिहिते, आपापल्या भागात कुणीही करू शकेल, सातवी-आठवीचं गणित पुरतं.

मागच्या वर्षी बाईंच्या शाळेत पाचवीत ५४, सहावीत ५७, सातवीत ६० मुलं. यंदा तीच मुलं एकेक इयत्ता वर सरकली तर सहावीत ५८, सातवीत ५९, आठवीत ६६. म्हणजे १७१ ची १८३ झाली. कुणी जन्मलं नाही, कुणी नापास होऊन मागे राहिलं नाही, नवीन कुटुंबं राहायला आली म्हणून पट वाढला. वाढ साधारण सात टक्के, एका वर्षात. स्थिर गावात हा आकडा शून्याच्या आसपास असतो किंवा उणे जातो.

आता यंदाची तिसरी. ७० मुलं. दरवर्षी सात टक्के धरले तर पाच वर्षांनी आठवीत ९८. एका तुकडीत ४० धरली तर अडीच तुकड्या, म्हणजे नववीच्या तीन खोल्या, तीन वर्गशिक्षक, आणि लगेच पुढच्या वर्षी दहावीच्या तीन. एका शाळेच्या मुलांसाठी. आज त्यांच्यासाठी चालत जाण्याच्या अंतरात अशी एकही खोली नाहीये.

पण सात टक्के कायम राहतील असं धरणंही चूक आहे, इमारती भरल्या की वाढ थांबते. म्हणून एक आकडा नाही लिहायचा, पट्टा लिहायचा: कमीत कमी ७०, जास्तीत जास्त ९८. गंमत नाही, खरंच, खालच्या टोकालासुद्धा दोन तुकड्या लागतातच. तेव्हा आकडा पक्का नाही म्हणून थांबूया असं कुणी म्हणालं तर हे दाखवायचं.

पहिला ड्राफ्ट मी जन्माच्या नोंदींवरून करायला घेतला होता. ती पद्धत जुन्या पेठांमध्ये चालेल. इथे मूल जन्मतं लातूरला, नांदेडला, बिहारला, अंगणवाडी तिकडे होते आणि दुसरी-तिसरीत ते वाघोलीत उगवतं. जन्मनोंदीवरून वाघोलीची नववी कधीच निघणार नाही, सरकत जाणारा पट हाच खरा धागा.

३ ऑगस्ट, रविवार

फ्लॅटमागे मुलं किती, हे बघायला दोन सोसायट्या घेतल्या. आमची, ताबा २०१४ चा, ११२ फ्लॅट. आणि समोरची, ताबा २०२३ चा, ९६ फ्लॅट. वॉचमन काका, दूधवाला आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या आया, असं मिळून मोजलं.

आमच्याकडे आठवी ते दहावीतली २७, सहा वर्षांखालची १४.
समोर आठवी ते दहावीतली ६, सहा वर्षांखालची ४१.

हे बघून मी बराच वेळ शांत बसले. नवीन लग्न झालेली, एक लहान मूल असलेली माणसं नवीन फ्लॅट घेतात. ताबा मिळाल्यावर लगेच प्लेग्रुप आणि नर्सरी उघडतात कारण तिथे गिऱ्हाईक दिसतं. माध्यमिकची लाट येते दहा-बारा वर्षांनी, तेव्हा त्या भागात एकही मोकळा तुकडा उरलेला नसतो. म्हणजे २०२३ च्या इमारतींची नववी २०३३ ते २०३५ ला येणार आणि तिची जागा आज राखायला हवी.

पुढच्या इमारतींसाठी महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, साइट फार कामाची आहे. २०१७ च्या मे महिन्यापासूनचे प्रकल्प आहेत, प्रत्येक प्रकल्पाच्या पानावर किती फ्लॅट, कुठल्या आकाराचे, किती बुक झाले आणि पूर्ण व्हायची तारीख. दोन गोष्टी सांभाळायच्या. एकाच प्रकल्पाचे फेज वेगवेगळ्या नंबरने असतात, मी एकदा एकच टॉवर दोनदा मोजला आणि अख्खी रात्र परत पहिल्यापासून तपासत बसले. आणि पूर्ण व्हायची तारीख पुढे सरकत राहते, म्हणून मी प्रत्येकाला दोन वर्षं पुढे ढकलूनही एक वेगळा रकाना ठेवलाय.

शिवाय फ्लॅटच्या बाहेर राहणारी माणसं. खाणीवरची, लेबर कॅम्पातली, चाळीतल्या भाड्याच्या खोल्यांतली. ती महारेरात नाहीत, सोसायटीच्या ग्रुपवर नाहीत. ती फक्त बाईंच्या रजिस्टरमध्ये आहेत. सरकारी शाळेवर सगळ्यात जास्त अवलंबून असलेली माणसं सगळ्यात कमी मोजली जातात, हे या शीटमध्ये होऊ द्यायचं नाही.

१० ऑगस्ट, रविवार

आज मोठी चूक सापडली, माझीच. जागांच्या बाजूला मी परिसरातल्या सगळ्या दहावीपर्यंतच्या शाळांची क्षमता एकत्र केली होती, तर उत्तर आलं की २०३१ ला जागा उरतील. मी खूश होऊन बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, "मॅडम, उरणाऱ्या जागा कुठल्या शाळेत आहेत ते बघा."

बघितलं. सगळ्या उरलेल्या जागा स्वयंअर्थसहाय्यित शाळांमध्ये. २०१२ च्या कायद्यानंतर नवीन माध्यमिक शाळा आली ती बहुतेक याच प्रकारची आली, शासनाचं अनुदान नाही, खर्च फीतून. त्या शाळा वाईट असं मला म्हणायचं नाही, तिथे शिकणारी मुलंही आपलीच. पण साइटवर काम करणाऱ्या माणसाला तिथली रिकामी जागा म्हणजे जागा नाही. आणि जिथे फी नाही त्या अनुदानित शाळेत नववीच्या वर्गात एका बाकावर तिघं बसतात.

आता शीटमध्ये "एकूण जागा" हा रकानाच काढून टाकला. चार रकाने केले: फी नाही, अनुदानित, फी आहे, आणि माध्यम. बेरीज करायची नाही. कुणी मीटिंगमध्ये बेरीज विचारली तरी द्यायची नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

अंतरं. आरटीईच्या नियमात पहिली ते पाचवीला एक किलोमीटर, सहावी ते आठवीला तीन. नववी-दहावीसाठी राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानात पाच किलोमीटर धरलं होतं, ते अभियान २०१८ ला समग्र शिक्षामध्ये गेलं. पाच किलोमीटर गावाकडे ठीक, पायवाट असते, सगळी मुलं घोळक्याने जातात. इथल्या हायवेचे, नगर रोडचे, पाच किलोमीटर वेगळे आहेत.

मी आणि ताई लेबर कॅम्पपासून त्या चार किलोमीटरवरच्या शाळेपर्यंत चालत गेलो. घड्याळ लावून. एक तास दहा मिनिटं, त्यातली अकरा मिनिटं नुसती केसनंद फाट्याच्या अलीकडे रस्ता ओलांडायला. डंपर, मिक्सर, उलट्या बाजूने येणाऱ्या टू-व्हीलर. ताईंनी माझा हात धरून ठेवला होता, मी बेचाळीस वर्षांची बाई. फूटपाथ आहे तिथे टपऱ्या, नाही तिथे खडी. परत येताना पीएमपीच्या बसने आलो, तिसऱ्या बसमध्ये चढता आलं.

मागास म्हणून धरलेल्या १२५ तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींना शाळेसाठी सायकल मिळते. आपला हवेली तालुका त्यात नाही आणि या रस्त्यावर मी कुणाच्या मुलीला सायकल चालवायला सांगणारही नाही.

तेव्हा शीटमध्ये किलोमीटर खोडले, मिनिटं घातली. आणि हायवे ओलांडायला लागतो का, हो/नाही. या एका रकान्याने नकाशा पार बदलला, वाघोली एक गाव राहिलंच नाही, रस्त्याच्या अलीकडची आणि पलीकडची अशी दोन झाली. शाळाही दोन लागतील.

९ सप्टेंबर, मंगळवार

जमीन. केंद्राच्या २०१४ च्या नगररचना मार्गदर्शक तत्त्वांत साडेसात हजार लोकसंख्येमागे एक सहावी ते बारावीची शाळा धरली आहे, हजार विद्यार्थ्यांची, १.८० हेक्टर जागेवर. आपल्या भाषेत साधारण १७८ गुंठे. आजच्या वाघोलीत १७८ गुंठे सलग, हे ऐकून ओळखीचे एक जमीन मोजणीवाले काका नुसते माझ्याकडे बघत राहिले.

मग विकास आराखड्यातली जमिनीची आरक्षणं बघितली. आराखड्यावर शाळेचं आरक्षण पडलं म्हणजे शाळा झाली असं लोकांना वाटतं, मलाही वाटायचं. नगररचना कायद्याचं १२७ कलम वाचा. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उडतं. मालकाचंही बरोबर आहे, त्याची जमीन किती वर्षं अडकवून ठेवायची. पण म्हणजे आरक्षणाचं घड्याळ आणि नववीच्या लाटेचं घड्याळ जवळपास एकाच वेळी वाजतं. लाट येते दहा-बारा वर्षांनी, आरक्षण जातं बारा वर्षांनी. मुलं दारात उभी राहणार तेव्हा हातातून प्लॉट गेलेला असणार. यासाठी प्रत्येक शाळा-आरक्षणापुढे मी "मुदत कधी" असा रकाना लावतेय, आणि टीडीआरच्या (मालकाला दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या) बदल्यात जागा ताब्यात घ्या ही मागणी निवेदनात सगळ्यात वर.

एक गोष्ट मात्र या गावाबद्दल लिहून ठेवायची आहे. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलं शिकायला पुण्याला आणली, वाघोलीचं शैक्षणिक संकुल त्यातूनच उभं राहिलं. त्या वेळी आलेल्यांपैकी काही जण आज इथेच संसार करून आहेत. परक्या मुलांसाठी या गावात जागा झालेली आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार

आजच्या तारखेच्या पटावर संच मान्यता, म्हणजे किती शिक्षक मिळणार ते. गेले चार दिवस संध्याकाळी बाईंच्या शाळेत बसून आधार जुळवतोय. आधार व्हॅलिड झालेलंच मूल मोजलं जातं. रजिस्टरला "ज्ञानेश्वर", आधारवर "ज्ञानेश", झालं, मिसमॅच. जन्मतारीख गावाकडे कुणीतरी १ जून टाकलेली. आडनाव हिंदी स्पेलिंगने. एकेका मुलाचा फोटो, बोटाचे ठसे, पालकांचा एक दिवसाचा रोज बुडवून सेंटरवर जाणं.

संध्याकाळी मोजलं तर अजून १४ मुलं वर्गात बसतात पण मोजली जात नाहीत. ती जेवतात, गृहपाठ करतात, बाईंना त्रास देतात, हजर असतात. आणि त्यांच्या वाटचा शिक्षक येणार नाही. पुढे नववी मागायला जाऊ तेव्हा हाच कमी पट समोर धरतील. मी शीटमध्ये दोन्ही लिहिलेत, वर्गातला पट आणि पोर्टलवरचा पट, शेजारी शेजारी.

१२ ऑक्टोबर, रविवार

निवेदन लिहून झालं. पावणेदोन पानं, त्याहून मोठं कुणी वाचत नाही. मागण्या तीनच. बाईंच्या शाळेला नैसर्गिक वाढीने (आहे त्याच शाळेला पुढचे वर्ग जोडून) २०२६ ला नववी आणि २०२७ ला दहावी. हायवेच्या पलीकडे दुसऱ्या माध्यमिक शाळेसाठी आरक्षित जागा मुदतीआधी ताब्यात. आणि तोवर नववीच्या मुलींसाठी शाळेच्या वेळेला जोडलेली बस.

खोल्या होईपर्यंत दोन पाळ्या करा असं एका बैठकीत सुचवलं गेलं. मी विरोध लिहून दिला. दुपारची पाळी पावणेसहाला सुटते, डिसेंबरात अंधार पडतो, सगळ्यात आधी मुलींचीच शाळा सुटेल. त्यापेक्षा आवारात दोन पत्र्याचे वर्ग चालतील, सकाळचे.

१० नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. निवेदन दोन ठिकाणी दिलं, एका ठिकाणी आवक क्रमांक मिळाला, दुसऱ्या ठिकाणी साहेब नव्हते, उद्या परत जाते. जुलैतले दोन बंद नंबर होते त्यातला एक ताईंनी शोधून काढला, मुलगा लोहगावला नववीत आहे. कोऱ्या रकान्यांपैकी आता पाच भरले.

आणि सहावा. कॅम्पवरच्या मुलीला चार किलोमीटरवरच्या त्याच शाळेने वर्षाच्या मध्यात घेतलं. वर्गात आधीच ६७ होते, ती ६८ वी. तिथल्या सरांनी एवढंच विचारलं की रोज येणार ना. सकाळी ताईंच्या ओळखीच्या एक भाजीवाल्या मावशी टेम्पोतून सोडतात, संध्याकाळी शाळेच्या शिपाईबाई तिच्याबरोबर रस्ता ओलांडून बसमध्ये बसवून देतात. लहान भावाला अंगणवाडीत घातलं. आज बाईंनी दाखला लिहिला, मी समोर होते. पेन्सिलचं टिंब खोडरबराने पुसलं आणि शाईने तारीख घातली.

शीटमध्ये तिची ओळ मी "सोय झाली" मध्ये टाकलेली नाही. मावशींचा टेम्पो बंद पडला तर दुसऱ्या दिवशी काय, याचं उत्तर मिळेपर्यंत ती "जागा हवी" मध्येच राहील.

बाकी कामं: लोहगावच्या बाजूच्या दोन शाळांचे पट आणायचेत, महारेराचा तिमाही अपडेट जानेवारीत परत उतरवायचा, आणि रिक्षावाल्या दादांच्या मुलासाठी सेमीच्या तुकडीत एप्रिलच्या आधी शब्द टाकायचा.